डीजेच्या पायी तलाक

माणसानं रिकाम्या पोटी संगीतावर बोलू नये. भरल्या पोटी बोलला तर निदान झोप येते आणि विषय मिटतो. माझं पोट त्या दिवशी रिकामं होतं. इन्शिराहनं मुलुखियाची पातळ भाजी चुलीवर ठेवली होती आणि ती होईपर्यंत मी खाली दुसूकीच्या कहवाखान्यात जाऊन बसलो होतो. ती भाजी शिजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझा संसार मोडला. भाजी मात्र उत्तम झाली होती, असं नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

विषय साधा होता. आमच्या शीरीनचं लग्न येत्या गुरुवारी संध्याकाळी, आमच्याच गल्लीत मांडव घालून व्हायचं होतं. मुलीचा बाप म्हणून माझी मागणी एकच होती: लग्नात खरं संगीत हवं. मी ट्राम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पण ट्रामवर माझं पोट चालायचं, जीव उदाच्या तारांवर. आम्हा पाच मित्रांचा एक ताफा आहे. अलेक्झांड्रियात अन्फूशीच्या किनाऱ्यापासून मुहर्रम बेकपर्यंत आमचं नाव आहे. (मुहर्रम बेकमध्ये ते जरा वेगळ्या कारणानं आहे, ते जाऊ द्या.)

मायलेकींचं म्हणणं, डीजे हवा. आणि डीजे म्हणजे दुसरा कोण, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारा फथी. वय तिशीचं, गळ्यात साखळी, केस अंगावर वीज पडल्यासारखे उभे. धंद्यातलं नाव 'डीजे झिलझाल', म्हणजे भूकंप. नाव ठेवताना तरी त्यानं प्रामाणिकपणा दाखवला होता. गच्चीवर तो कर्णे तपासायला लागला की समोर लबीबच्या औषधाच्या दुकानात बाटल्या एकमेकींना टाळ्या द्यायच्या. मी लबीबला म्हटलं, "तक्रार का करत नाहीस?" तर म्हणतो, "उस्ताद रिफअत, माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या त्याच्यामुळे खपतात. मला मत विचारू नका, माझा स्वार्थ आहे."

तर कहवाखान्यात मी म्हटलं, "माझ्या मुलीच्या लग्नात वादक वाजवतील, बटणं दाबणारा नाही."

दुसूकी गल्ल्यावरून म्हणाला, "फथी पण वादकच की, उस्ताद!"

"वादक? अरे, बटण तर लिफ्टवालाही दाबतो! त्याला कुणी गवई म्हणतं का?"

"लिफ्टवाल्याच्या मागं कुणी नाचत नाही," दुसूकी म्हणाला.

सगळा कहवाखाना हसला. हुक्क्याच्या नळीतूनसुद्धा कुणीतरी हसलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी उठून उभा राहिलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "हा फथी डीजे जर वादक असेल, तर माझ्या बायकोला तलाक!"

आता हे बघा, आमच्याकडे तलाकची शपथ म्हणजे बोलण्यातली चटणी. 'तू चहा घेतला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक', 'मासा ताजा नसेल तर माझ्या बायकोला तलाक', असं दिवसभर चालू असतं. या सगळ्या शपथा खऱ्या धरल्या तर अलेक्झांड्रियात एक जोडपं शिल्लक राहायचं नाही. पण त्याचाही एक नियम आहे. शपथ घेण्याआधी मान वर करून सज्जा रिकामा आहे ना, ते बघून घ्यायचं. मी बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर इन्शिराह कपडे वाळत घालत होती.

 जरा वेळानं सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. ही टोपली एरवी लिंबं नाही तर साबण घ्यायला उतरते. आज ती बरोबर माझ्या नाकासमोर येऊन थांबली. आत माझा पायजमा, सपाता, उशी आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

"अहो शीरीनचे बाबा! आतलं काढून घ्या. टोपली माझी आहे!"

"अगं इन्शिराह, गंमत केली..."

"गंमत? बरं. मग फथी वादक आहे की नाही ते आधी ठरवा. असेल तर तलाक झाला, आणि परपुरुषाला मी जेवायला घालत नाही. नसेल तर त्याच्या आईला, माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, तोंडावर जाऊन सांगा की तुझा मुलगा लिफ्टवाला आहे. काय ते एक ठरवा आणि मग वर या. ठरलं नाही, तर गुरुवारी मुलीच्या मांडवात एकटेच उभे राहा. मी चालले दमन्हूरला, बहिणीकडे!"

मी पायजमा काखेत घेऊन शेख मुतवल्लींना गाठलं. ते कोपऱ्यावरच्या मशिदीत नमाज पढवतात आणि गल्लीतले निकाहही तेच लावतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली.

"शपथ घेताना हेतू काय होता तुझा?"

"दुसूकीचं तोंड बंद करणं."

"बायको सोडायचा हेतू होता?"

"शेखसाहेब, तिच्या हातची मुलुखिया चुलीवर होती!"

"मग सोपं आहे. दहा गरिबांना जेवू घाल आणि जिभेला लगाम घाल. तरीही मनात शंका राहिली, तर 'मी हिला परत घेतलं' एवढं म्हण. मिटलं."

दहा गरीब मी त्याच दुपारी जेवू घातले. आमच्या गल्लीत गरीब शोधावे लागत नाहीत, नुसतं पातेलं उघडावं लागतं. पहिला येऊन बसला दुसूकी. मग मी सज्ज्याखाली उभा राहून मोठ्या रुबाबात म्हणालो, "इन्शिराह, मी तुला परत घेतलं!"

वरून उत्तर आलं, "हे म्हणाले की तुटलं, हे म्हणाले की जुळलं! मी काय दाराची कडी आहे? फथी वादक आहे की नाही, ते सांगा!"

गल्लीतल्या सगळ्या सज्ज्यांतून बायकांनी जिभा नाचवून आरोळ्या दिल्या. माझी बाजू घ्यायला फक्त लबीब पुढे आला, तोही मलम देण्यापुरता. म्हणाला, "उस्ताद, आम्हा ख्रिस्ती लोकांत हा घोळच नाही बघा. एकदा लागलं की लागलं. मी तर कितीदा शपथा घेऊन पाहिल्या, काही उपयोग होत नाही."

पुन्हा शेखसाहेब. ते म्हणाले, "बाबा रे, तलाकातलं मला कळतं, संगीतातलं नाही. वादक कोण, हे वादकांनाच विचार."

म्हणून मी शहरातल्या वादक मंडळाच्या कचेरीत गेलो. कचेरी पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. लिफ्टवाला खुर्चीवर बसून होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वर मॅडम नवाल म्हणून बाई होत्या. घरी जाऊन भात भरायचा होता म्हणून त्या टेबलावर झुकिनी कोरत बसल्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, डीजे वादक असतो का?"

"वर्गणी भरताना असतो."

"आणि एरवी?"

"पेन्शन मागताना नसतो."

"आणि मध्ये?"

मॅडमनी चाकू थांबवला. "मध्ये कुणी विचारत नाही. तुम्ही का विचारताय?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, बाजूच्या टेबलावरच्या बाईला बोलावलं, तिनं तिच्या बाजूच्या, आणि मला ते कारण पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या तिघी एका सुरात म्हणाल्या, "बरं केलं तिनं!" मग मॅडम नवाल म्हणाल्या, "कागद हवा तर त्या पोराला परीक्षेला आणा. समिती ऐकेल आणि ठरवेल. उद्या या." 'उद्या' या शब्दाचा आमच्या कचेऱ्यांत काय अर्थ होतो, हे मी ट्राम खात्यात स्वतः खिडकीमागे बसून शिकलेलो आहे. मी जिन्यातच बसून राहिलो. शेवटी कंटाळून त्यांनी मंगळवार दिला.

आता परीक्षेला फथीला न्यायचं. कागदावर हो येवो की नाही, एकदाचं ठरलं की मी सुटलो. मी गच्चीवरच मुक्काम केला होता. फथीची कबुतरं आणि मी शेजारी झोपत होतो. त्यांना दाणे तरी वेळेवर मिळत होते. सकाळी तो दाणे घालायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "बेटा, चल, तुला वादक करतो."

फथी दोन पावलं मागं सरला. "काका, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"अरे, मान देतोय तुला!"

"मान? अहो, माझं लग्न जमतंय! मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? आईनं सांगितलं, आवाजाचा इंजिनिअर आहे. आता तुम्ही मला वादक करून ठेवलंत तर तो माणूस तोंडावर दार लावून घेईल. वादकाला मुलगी देतं का कुणी?"

"मला दिली होती!"

"तुम्ही ट्राममध्ये होतात म्हणून दिली, काका. आणि वादक लग्नात शेवटी जेवतात. मी पहिल्या पंगतीला बसतो."

हे खरं असल्यामुळे मला फार लागलं. आमच्या ताफ्यानं इतक्या वर्षांत एकाही लग्नात गरम भात खाल्लेला नाही. तरी मी हात जोडले. ज्याच्या वादक असण्याला माझा जन्मभर विरोध, तो 'मी वादक नाही हो' म्हणून गयावया करतोय आणि मी त्याला वादक होण्यासाठी मनवतोय, हे दृश्य कबुतरं मान वाकडी करून बघत होती. शेवटी त्याच्या आईनं त्याचा कान धरला तेव्हा तो तयार झाला.

मंगळवारी त्याचं यंत्र, दोन कर्णे आणि एक लोखंडी पेटी पाच मजले चढवायची होती. ओझं उचलायला कोण? मी. आयुष्यभर मी उदापेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर माझ्या पाठीनं जो सूर काढला, तो कुठल्याही रागदारीत बसणारा नव्हता. फथी मागून म्हणत होता, "जपून काका, भूकंप आहे त्यात!"

समितीत तीन वयोवृद्ध उस्ताद. एक डुलकी घेत होते, एकांना कमी ऐकू येत होतं, आणि तिसऱ्यांनी विचारलं, "काय वाजवणार?"

"तुम्ही सांगाल ते," फथी म्हणाला. "लग्न, सुंता, उद्घाटन, काहीही."

"वाद्य कुठाय?"

"हे काय, समोर."

"हे तर शीतकपाटासारखं दिसतंय."

"गरम होतं उस्ताद, थंड नाही," असं म्हणून फथीनं वायर भिंतीत खुपसली. एक सुर्रर्र झालं, एक ठो झालं, आणि कचेरीची, इमारतीची आणि समोरच्या न्हाव्याच्या दुकानाची वीज गेली. न्हाव्याकडून एक किंकाळी ऐकू आली. डुलकी घेणारे उस्ताद जागे होऊन "वाह, वाह" म्हणाले. 

मला कागद मिळाला. त्यावर सरकारी गरुडाचा गोल शिक्का अगदी ठळक होता, आणि वर लिहिलं होतं: 'उमेदवाराने वादन केले किंवा कसे, हे वीजपुरवठ्याअभावी निश्चित करता आले नाही.'

शेख मुतवल्लींनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे तुझा तलाक झाला की नाही, ते वीज आल्यावर कळेल," म्हणाले.

गुरुवार उजाडला तेव्हा मी मुलीचा बाप होतो एवढंच नक्की होतं. नवरा होतो की नाही, ते अल्लाला ठाऊक आणि वीज खात्याला. मांडव उभा राहिला, दिव्यांच्या माळा लागल्या, नवरानवरीसाठी उंच मंचावर दोन सोनेरी खुर्च्या आल्या. इन्शिराह दमन्हूरला गेली नव्हती, पण खालीही उतरत नव्हती. दर थोड्या वेळानं मी मान वर करून सज्जा बघत होतो. आता बघून काय उपयोग म्हणा.

तडजोड अशी झाली होती की आधी आमचा ताफा, मग फथी. आम्ही पाचजण टाय लावून बसलो. आमच्यात शौकी कानून वाजवतो. मांडीवर आडवं घेऊन छेडायचं, खंडीभर तारांचं ते वाद्य. तारा लावाव्या लागतात. त्या दिवशी समुद्रावरून ओला वारा सुटला होता. शौकी उजवीकडून तारा लावत डावीकडे पोचायचा, तोवर उजवीकडच्या उतरायच्या. की तो पुन्हा उजवीकडे. पाहुणे आदरानं ऐकत होते. दुपारची अस्राची नमाज होऊन सूर्यास्ताची मगरिबची होत आली. शेवटी एकदाच्या सगळ्या तारा जुळल्या, शौकीनं घाम पुसला, मी उदावर बोट ठेवलं, आणि पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. नवरदेवाचे मामा उठून आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार सुंदर! असं जुनं संगीत आता ऐकायला मिळत नाही. या, जेवून घ्या."

माझे चारही सोबती वाद्यं जागेवर ठेवून पंगतीला पळाले. त्यांनी कितीतरी वर्षांत भाताची वाफ बघितली नव्हती. मी एकटा टाय लावून मांडवात बसलो होतो, आणि तेवढ्यात फथीनं बटण दाबलं.

मी कलेचा माणूस आहे, खोटं बोलणार नाही. (एरवी बोलतो.) पहिल्यांदा माझ्या पोटातलं पाणी हललं. मग फथी कर्ण्यातून एकेकाला सलाम द्यायला लागला: "सलाम आमच्या गल्लीला! सलाम डॉक्टर लबीबला! सलाम नवरीच्या बाबांना, उदाचे बादशहा, आमच्या कबुतरांचे पाहुणे!" प्रत्येक सलामाला तो ठेका असा तोडायचा आणि असा पुन्हा सोडायचा, की बसलेला उठायचा आणि उठलेला उडायचा. लबीब नाचला. तिन्ही समितीवाल्यांपेक्षा म्हातारी असलेली फथीची आजी काठी डोक्यावर आडवी धरून नाचली. फथीचे होणारे सासरे, ज्यांच्या भीतीनं तो इंजिनिअर झाला होता, ते गुडघे टेकून खांदे हलवत होते. माझा डावा पाय हलायला लागला. मी त्यावर उजवा ठेवला. तर मग दोन्ही हलायला लागले.

तेवढ्यात शेखसाहेब आले. गाणं थांबलं, शीरीनचा निकाह लागला. निकाहाच्या रुमालाखाली माझा अंगठा जावयाच्या अंगठ्याला भिडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते मी टायला पुसलं. शेखसाहेब दप्तर मिटणार, इतक्यात जिन्यातून आवाज आला.

"मिटू नका! आमचंही उरकून घ्या."

इन्शिराह. मोरपंखी झगा, नवा. डोळ्यांत काजळ. इतके दिवस ती वर रागावून बसली आहे असं मी समजत होतो. ती झगा शिवून घेत होती.

ती मंचावर चढली, लेकीच्या शेजारची खुर्ची जावयाला सोडायला लावून तिथं बसली, आणि तिनं तिसरी खुर्ची आणायला सांगितली. शीरीन हसून हसून डोळे पुसत होती. 

शेखसाहेब म्हणाले, "बाई, निकाह पुन्हा लावायचा तर आधी तुटलेला असला पाहिजे. लग्न झालेल्यांचं लग्न मी लावत नाही. रिफअत, तुझं ते 'परत घेतलं' या बाईंनी मानलेलं नाही, तेव्हा मी ते धरत नाही. साक्षीदारांसमोर सांग. फथी वादक असेल तर तलाक झाला, आणि मी तुमचा निकाह पुन्हा लावतो. नसेल तर तुम्ही नवराबायको आहातच. मग या बाईंनी खाली उतरावं."

खाली उतरावं! तो मोरपंखी झगा, ते काजळ! इन्शिराह माझ्याकडे बघत नव्हती. ती बोटांनी खुर्चीची सोनेरी कड चाचपत होती.

माझ्या ताफ्यातले चौघे हातात कोंबडीच्या तंगड्या घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. शौकी ओरडला, "रिफअत, कलेची लाज राख!"

फथी कर्ण्यातून कळवळला, "काका, नका हो! मी इंजिनिअर आहे!" ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी खालून आवाज दिला, "अरे, वादक तर वादक! थांबलास कशाला?"

मी घसा साफ केला. उदावर हात ठेवून जन्मभर जे म्हणत आलो, ते गिळलं. थोडं अडकलं. मग म्हणालो, "आहे. फथी वादक आहे. चांगला आहे. मीच... माझाही पाय हलला."

जी आरोळी उठली, तिनं दिव्यांची एक माळ तुटून पडली. शेखसाहेब दप्तर उघडत म्हणाले, "तलाक झाला, मुबारक हो!" तलाकाबद्दल मिठ्या मिळालेला मी पहिलाच माणूस असेन. साक्षीला दुसूकी आणि माझा नवाकोरा जावई. शेखसाहेबांनी विचारलं, "मेहेर काय? बायकोला देणार काय?"

"त्यांचा ऊद," इन्शिराह म्हणाली. "मालकी माझी. वाजवायचा तर विचारून."

"मंजूर?"

माझ्यापुढे इलाज काय होता? पंगतीत भात गार होत होता, मंचावर बायको बसली होती, आणि गल्लीतले सगळे दिवे माझ्यावर होते. मंजूर.

मला तिच्या शेजारी बसवलं. फथीनं पुन्हा बटण दाबलं, या वेळी सावकाश, गोड काहीतरी, जुन्या उदाच्या सुरावर त्याचा ठेका चढवलेलं. गल्ली नाचत होती. इन्शिराह पदरासारखी ओढणी सावरत माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, "खरं सांगू? मला काही तो वादक वाटत नाही. बटणं तर दाबतो."

"इन्शिराह! हे तू आत्ता बोलतेस?"

"हळू बोला. तो वादक नसेल तर आपलं लग्न आधीचंच आहे, आणि मला खाली उतरावं लागेल. मला ही खुर्ची आवडली आहे."

शेख मुतवल्ली मंचापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी आमच्याकडे कान वळवल्यासारखं मला वाटलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो, दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "उस्ताद फथी! अजून मोठ्यानं!"